आधी चित्र की आधी सिक्वेन्स?

कोपेपॉड हे नाव ऐकलं नसलं तरी त्यांच्यातला एक जीव महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. विहिरीच्या पाण्यातल्या ज्या सायक्लॉप्समुळे नारूचा रोग माणसापर्यंत पोचायचा, तो कोपेपॉडच. भारत नारूमुक्त झाल्याचं २००० साली जाहीर झालं आणि सायक्लॉप्सही हळूहळू विस्मरणात गेला. कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले हे जीव बहुधा एक-दोन मिलिमीटरचे. समुद्राच्या पाण्यात ते अफाट संख्येनं तरंगत असतात. पण त्यांतल्या कितीतरी जाती पाण्यात मोकळ्या फिरत नाहीत. त्या माशांच्या कल्ल्यांवर, प्रवाळात, शिंपल्यात, स्पंजात आणि समुद्रपुष्पाच्या (सी अ‍ॅनिमोनच्या) पोटात राहतात.

पुढचा संवाद रचलेला आहे. मावशी प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक; कवचधारी जीवांची चित्रं काढण्यात त्यांची हयात गेली. भाची डीएनएचे सिक्वेन्स वाचणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दोघींच्या मध्ये टेबलावर एक कुपी आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावरच्या समुद्रपुष्पातून निघालेल्या चार कोपेपॉड माद्या तिच्यात आहेत, आणि प्रसिद्ध झालेल्या कुठल्याच वर्णनाशी त्या जुळत नाहीत. अशी कुपी आपल्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या कोणाच्याही हाती लागू शकते. त्यानंतर काय करायचं यावर आज खरोखरच दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं कळकळीनं बाळगणारी माणसं आहेत.

भाची : मावशी, मी सरळ सांगते. या चौघींपैकी एकीचा डीएनए काढते आणि सिक्वेन्स सार्वजनिक संग्रहात चढवते. सोबत ठिकाण, तारीख, कुठल्या समुद्रपुष्पात मिळाली, एवढं लिहिते. उद्या केनियात नाहीतर ओमानमध्ये कोणाला हाच जीव मिळाला की त्याचा सिक्वेन्स आपल्याशी जुळेल, त्याला लगेच कळेल. तू म्हणतेस तसं रीतसर वर्णन करायला बसलो तर वर्ष जाईल.

मावशी : जाऊ दे की. त्या ओमानच्या माणसाकडे फक्त सूक्ष्मदर्शक असेल, तर तुझ्या सिक्वेन्सची साडेसहाशे अक्षरं त्याला काय सांगणार?

भाची : सिक्वेन्सिंग आता बाहेरून करून मिळतं गं. उलट चांगला सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यापुढे तासन्‌तास बसणारी तुझ्यासारखी माणसं, हीच मिळेनाशी झालीत. माझी घाई उगाच नाही. कोपेपॉडचे अभ्यासक आर्थर ह्यूम्स तुझे आवडते ना? त्यांनीच १९९४ मध्ये हिशेब मांडला होता. तोवर कोपेपॉडच्या साडेअकरा हजारांच्या आसपास जाती माहीत होत्या. प्रत्यक्षात असाव्यात सुमारे पंचाहत्तर हजार, आणि तोही अंदाज त्यांनी हात राखून केलेला. म्हणजे शंभरातल्या पंधरा आपल्याला ठाऊक. उरलेल्यांची तुझ्या वेगानं चित्रं काढायची म्हटलं तर किती पिढ्या लागतील?

मावशी : ह्यूम्सनी एकट्यानं सातशेच्या आसपास नव्या जाती वर्णिल्या. पेन्सिलीनं.

भाची : म्हणून तर! एका असामान्य माणसाचं अख्खं आयुष्य सातशे जातींना पुरलं. असे ह्यूम्स आपल्याकडे किती आहेत?

या प्रश्नाला मावशींकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. वर्गीकरणाचं काम करणारी माणसं कमी होत चालली आहेत. या कामाला ना झटपट शोधनिबंध मिळतात ना मोठी अनुदानं. भाचीचा मुद्दा खरा आहे. पण वर्णन म्हणजे नेमकं काय करतात हे पाहिल्याशिवाय त्याचं मोल ठरवता येणार नाही.

मावशी : बरं, तू पाहिलंयस का मी काय करते ते? नीट, शेवटपर्यंत?

भाची : लहानपणी पाहिलंय. लाकडाची पट्टी आणि तिला पडलेलं भोक.

मावशी : तीच. ह्यूम्स आणि गुडिंग यांनी १९६४ मध्ये छापलेली पद्धत. काचपट्टीच्या मापाची लाकडी पट्टी घ्यायची, मध्ये भोक पाडायचं, त्यावर पातळ काच ठेवायची, काचेच्या खालच्या बाजूला लॅक्टिक आम्लाचा थेंब आणि त्या थेंबात हा जीव. आम्लानं आतलं मांस पारदर्शक होतं आणि कवच तेवढं दिसत राहतं. वरून काच असल्यामुळे सर्वांत ताकदीचं भिंग लावता येतं आणि खालून सुई घालून जीव कुशीवर वळवता येतो. मग एकेक अवयव सुटा करायचा. आधीच्या स्पर्शिका, नंतरच्या स्पर्शिका, जबडा, त्यामागच्या तोंडाच्या जोड्या, पोहण्याचे पाय, पाचवा पाय, शेपटीच्या दोन फांद्या. प्रत्येक अवयव कॅमेरा ल्युसिडातून पाहून कागदावर उतरवायचा.

भाची : आणि मग केस मोजायचे.

मावशी : मग मोजायचंच! पायाच्या प्रत्येक सांध्यावर ताठ काटे किती आणि लवचीक केस किती. काटे रोमन आकड्यांत, केस साध्या आकड्यांत. चार पायांचा तक्ता अर्ध्या पानात बसतो. तो तक्ता घेऊन न्यू कॅलेडोनियातला, मादागास्करचा, जपानचा कुठलाही कोपेपॉड मी आपल्याशी ताडून बघू शकते. १९३० मधला असला तरी.

भाची : हे सगळं पाय असलेल्यांचं झालं. पण समुद्रपुष्पाच्या आत राहणाऱ्यांना पाय उरतातच कुठे? अँथियाकेरिसचं उदाहरण घे. मिकाएल सार्सनं १८५७ मध्ये नॉर्वेतून वर्णन केलेला. उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यातल्या बोलोसेरा नावाच्या समुद्रपुष्पात तो गाठी करून राहतो. त्याची मादी म्हणजे अंड्यांनी भरलेली पिशवी, पाय जवळजवळ नाहीसे. काय मोजणार? तुझा तक्ता कोरा राहील. तिथं डीएनएशिवाय गती नाही.

मावशी : तरी सार्सनं ओळखलं ना, की हा कृमी नव्हे, कोपेपॉड आहे?

भाची : ओळखलं, मान्य.

मावशी : कसं ओळखलं असेल ते मला महत्त्वाचं वाटतं. असले जीव अंड्यातून बाहेर पडतात ते इतर कोपेपॉडसारखेच, पाय मारत पोहणारी पिल्लं म्हणून. यजमानाच्या आत शिरल्यावर रूप बदलतं. ज्यानं जन्मभर पिल्लं पाहिलीत त्याला आईची पिशवी बघून गोंधळायला होत नाही. आणि सार्स होता कोण? आधी किनाऱ्यावरच्या गावात धर्मोपदेशक. समुद्रातले जीव जमवता जमवता पुढे ख्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्यानं लिहून ठेवलं म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनी, १९७० मध्ये, विम वाडर नावाचा अभ्यासक त्याच जीवाकडे परत जाऊ शकला. कुठल्या समुद्रपुष्पात, शरीरात कुठे, हे धागे हातात होते.

भाची : वाडरला डीएनए मिळाला असता तर काम आणखी पुढे गेलं असतं.

मावशी : गेलं असतं, ते मी कुठे नाकारते? पण त्याच्या हातात सार्सचा नुसता सिक्वेन्स असता, शरीराचं एक अक्षरही नसतं, तर तो नेमकं काय शोधायला निघाला असता?

अशी जुनी उदाहरणं आणखी आहेत. स्टॉरोसोमा हा समुद्रपुष्पातला कोपेपॉड विल यांनी १८४४ मध्ये नोंदवला; पुढे १९०२ मध्ये कॉलरी आणि मेस्नील यांनी फ्रान्समध्ये त्याचा नव्यानं अभ्यास केला. दरम्यान दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या, देश आणि भाषा बदलली होती, भिंगं कितीतरी सुधारली होती. आधीच्याचं कुठे बरोबर आणि कुठे अपुरं हे नंतरच्यांना सांगता आलं, कारण त्यानं काय पाहिलं ते कागदावर होतं. मला या सगळ्या व्यवहारात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. वर्णन करणारा माणूस आपल्याला खोडून काढायची साधनं पुढच्याच्या हातात देऊन जातो.

भाची : आता माझं ऐक. चित्रांवर इतका भरवसा ठेवू नकोस. खोल समुद्रातल्या व्हेलफिश माशांचं काय झालं? तीन वेगवेगळी कुळं म्हणून पुस्तकांत होती. चित्रं होती, मोजमापं होती, सगळं रीतसर. २००९ मध्ये कळलं की त्यांतलं एक कूळ म्हणजे पिल्लं, दुसरं म्हणजे नर आणि तिसरं म्हणजे माद्या! तिन्ही मिळून एकच कूळ. ही गोष्ट आधी डीएनएनं उघड केली. माशांचं असं होतं, तर ज्यांचे नर आणि माद्या एकमेकांच्या जवळपासही दिसत नाहीत त्या कोपेपॉडचं काय? तुझ्या चार माद्यांचा नर कदाचित आधीच कुठेतरी वेगळ्या नावानं वर्णिलेला असेल.

मावशी : असेल. तसं असेल तर ते कळेल कशावरून?

भाची : नराचा डीएनए काढला की.

मावशी : म्हणजे नर संग्रहालयात ठेवलेला हवा, त्याच्यावर नाव हवं आणि त्या नावामागे वर्णन हवं. तुझ्या व्हेलफिशच्या गोष्टीतसुद्धा नुसता डीएनए पुरला नव्हता, बाटल्यांतले जुने मासे बाहेर काढावे लागले होते. कुळं चुकली, पण नमुने चुकले नव्हते. ते जपून ठेवलेले होते म्हणून तर चूक सुधारली.

भाची : बरं. पण म्हणून माझा सिक्वेन्स टाकाऊ ठरत नाही.

मावशी : टाकाऊ कोण म्हणतंय? एकटा पडतो, एवढंच म्हणते. तुमच्या संग्रहात ‘कोपेपॉड, अज्ञात जात १’ अशा किती नोंदी असतील? कोचीच्या प्रयोगशाळेची ‘जात १’ आणि तुझी ‘जात १’ एक की दोन, हे बोलायलासुद्धा शब्द नाही. नाव मिळालं की दोघी एकाच जीवाविषयी भांडू शकता.

भाचीनं इथे वाद थोडा वेगळीकडे नेला, आणि मला वाटतं तिथूनच तो खऱ्या अर्थानं रंगला. तिनं आपल्याच पद्धतीतली एक अडचण आपणहून पुढे ठेवली.

भाची : तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. डीएनए बारकोडसाठी आम्ही ज्या जनुकाचा तुकडा वापरतो, २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी सुचवलेला, तो बहुतेक प्राण्यांत जात ओळखायला उत्तम. पण समुद्रपुष्पं, प्रवाळ अशा मंडळींत त्या जनुकात बदल फार सावकाश होतात. दोन स्पष्ट वेगळ्या जातींचा बारकोड एकसारखा निघू शकतो. म्हणजे पाहुण्याचा बारकोड मी देईन, पण यजमान कोणत्या जातीचा, हे त्याच बारकोडवरून सांगता येईलच असं नाही.

मावशी : (जवळ सरकून) हे तू आधी का नाही बोललीस? यजमानाची जात नक्की नसेल तर आपलं वर्णन अर्धंच राहतं!

भाची : आणखी एक. एवढ्याशा जीवाच्या पोटात यजमानाची ऊती गेलेली असते. डीएनए काढताना समुद्रपुष्पाचाच येऊन बसू शकतो. शिवाय डीएनएचा हवा तो तुकडा पकडणारे नेहमीचे प्रायमर कोपेपॉडवर कधी लागतात, कधी लागत नाहीत.

मावशी : मग यजमान ओळखणार कोण? ते काम तर आणखी अवघड. बाहेरून बघून समुद्रपुष्पाची जात सांगणं म्हणजे रंगाला भुलणं. आतले पडदे किती, कोणत्या क्रमानं लागले आहेत, धडाच्या वरच्या काठाला आवळणारा स्नायू कसला, हे पाहायला त्याचे पातळ छेद घ्यावे लागतात. दंशपेशींचे प्रकार मोजावे लागतात, त्यांची लांबी मायक्रॉनमध्ये. आपल्याकडे हे करणारी माणसं होऊन गेली. अरुण परुळेकर यांनी मुंबईच्या समुद्रपुष्पांवर १९६८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी शंखातल्या खेकड्यांबरोबर राहणाऱ्या समुद्रपुष्पाची एक नवी प्रजाती दिली. आणि १९७१ मध्ये अँथोप्ल्युरा पनिकरी.

भाची : पनिकरी म्हणजे एन. के. पनिकर?

मावशी : तेच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. पण त्याआधी, १९३० च्या दशकात, मद्रासला हाच माणूस समुद्रपुष्पांची शरीररचना उलगडत बसला होता. पुढे केवढी मोठी संस्था उभारली, आणि किनाऱ्यावरच्या एका समुद्रपुष्पात त्यांचं नाव राहिलं.

या नावांमागे हिंदी महासागराचा एक मोठा अध्याय आहे. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची जहाजं आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत उतरली होती. मोहिमेत जाळ्यांनी गोळा झालेले तरंगते जीव निवडून वेगळे करण्याचं केंद्र कोचीला उभं राहिलं. मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. त्याच मोहिमेच्या निमित्तानं आर्थर ह्यूम्स मादागास्करच्या वायव्येला नोसी बे बेटावर गेले होते. बाकीचे जाळी ओढत होते आणि ह्यूम्स उथळ पाण्यातली प्रवाळं, समुद्रकाकड्या, समुद्रपुष्पं एकेक करून धूत होते. पाच टक्के अल्कोहोल मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात प्राणी ठेवला की त्याच्यावरचे कोपेपॉड सैल होऊन सुटतात. पाणी बारीक जाळीतून गाळायचं आणि तळाला काय उरलं ते पाहायचं. जहाजाच्या जाळ्यात हे जीव कधीच आले नसते. समुद्रपुष्पांवर आणि त्यांच्यासारख्या प्राण्यांवर राहणाऱ्या कोपेपॉडचा त्यांनी १९८२ मध्ये घेतलेला आढावा आजही या विषयात पहिल्यांदा उघडला जातो. नोसी बेला त्यांना मिळालेले जीव आपल्याच समुद्राचे, फक्त पलीकडच्या काठावरचे. म्हणून मला मावशींच्या आग्रहात एक रास्त दुःख दिसतं.

मावशी : मला एक गोष्ट फार दिवस छळते. समुद्रपुष्पाच्या पोटाला एकच दार. त्यातूनच खायचं, त्यातूनच टाकायचं. आत गेलेली छोटी कोळंबी विरघळून जाते. आतल्या पडद्यांच्या कडांवर दंशपेशी आणि पाचकरसांच्या ग्रंथी. आणि अशा ठिकाणी हा कोळंबीच्याच जातकुळीतला जीव आयुष्य काढतो, अंडी घालतो! त्यानं तिथं काय खाल्लं, यजमानाचा चिकट स्राव की त्याची ऊती, हे विचारायचं तर आधी त्याचं तोंड पाहायला हवं. जबडा सुईसारखा आहे की दातेरी पात्यासारखा? तुझ्या सिक्वेन्समध्ये जबडा नाही गं.

भाची : नाही. पण त्याच्या पोटात कोणाचा डीएनए आहे हे मी सांगू शकते. तो काय खातो याचा थेट पुरावा.

मावशी : (थोडं थांबून) हे मात्र मला चित्रातून कधी जमलं नसतं.

भाची : आणि तू वर्ष म्हणतेस तेव्हा मला काय दिसतं ते सांगू? पाणी तापलं की काही समुद्रपुष्पंही प्रवाळासारखी पांढरी पडतात. आतली शैवालं निघून जातात, पुष्प आकसतं, कधी मरतं. त्याच्या मरणाची नोंद निदान कोणीतरी करेल. आत राहणाऱ्याची कोण करणार? तो होता हेच ठाऊक नसेल तर तो गेला हे कसं कळेल? म्हणून मला आज, आत्ता, काहीतरी खूण करून ठेवायची आहे. अपुरी का असेना.

इथं मी भाचीच्या बाजूची आहे. नर मिळेपर्यंत, पिल्लाच्या सगळ्या अवस्था मिळेपर्यंत, आणखी दहा यजमान तपासेपर्यंत थांबायचं, असं म्हणत कपाटात वर्षानुवर्षं राहिलेल्या कुप्या जगभरच्या संस्थांत आहेत. वर्णन करणारा माणूस निवृत्त होतो, लेबलांची शाई उडते, अल्कोहोल सुकतं. पूर्णतेची वाट पाहणं प्रामाणिकपणाचं वाटतं, पण त्यात जीवाची किंमत मोजली जाते. मादीवरून वर्णन करावं, नर अज्ञात असं स्पष्ट लिहावं आणि पुढे जावं. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला एवढं चालतं. तिला हवा असतो एक नेमलेला मूळ नमुना, तो कुठे ठेवला याची नोंद आणि इतर जातींहून वेगळेपणा सांगणारा मजकूर. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात वर्णन छापायचं तर २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीत नोंदणीही लागते. नर नंतर येऊ शकतो.

आपल्या देशाचा कायदाही इथं भाचीला मोकळं सोडत नाही, आणि ते बरंच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवी जात सापडली की ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था अशांपैकीच. एकेकाळी आपल्या किनाऱ्यांवरचे नमुने लंडनच्या नाहीतर युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात गेले. आजच्या विद्यार्थ्याला ते ताडून पाहायचे तर परदेशी पत्रं लिहावी लागतात. मूळ नमुना इथेच राहिला तर पुढच्या वेळी शंका आली की कोलकात्याचं नाहीतर गोव्याचं तिकीट काढलं की झालं.

मावशी : ठीक आहे. चौघी आहेत ना? वाटून घेऊ. पण माझ्या पद्धतीनं.

भाची : आधी ऐकू दे तुझी पद्धत.

मावशी : सर्वांत अखंड आहे ती मूळ नमुना. तिला कोणी सुई लावायची नाही, मीही नाही. बाहेरून चारी बाजूंनी चित्र, मोजमाप आणि परत अल्कोहोलमध्ये. दुसरी मी सुटी करते. तोंडाचे सगळे भाग आणि पुढच्या दोन जोड्या पाय तिच्यातून घेईन. मागचे पाय फक्त उंचवट्यांसारखे उरलेत, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिसरीवर पाहू. चौथी तुझी.

भाची : तिसरीवर सोन्याचा मुलामा चढला की ती डीएनएला कठीण. त्याआधी तिचा एक पाय मला दे. आणि मला चौथी अख्खी दळायची नाही, मावशी. कवच न फोडता डीएनए काढायची पद्धत आहे. द्रावात ठेवायचं, आतलं मऊ विरघळतं, रिकामं कवच तसंच राहतं. ते परत तुझ्या लाकडी पट्टीवर ठेव.

मावशी : कवच टिकतं? केस मोडत नाहीत?

भाची : जपून केलं तर नाही.

मावशी : हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! मग दुसरीवरही आधी तूच काम कर, मी नंतर सुई लावते. आतलं विरघळून गेलेलं असेल तर लॅक्टिक आम्लही कमी लागेल.

भाची : आणि यजमान?

मावशी : समुद्रपुष्प कशात ठेवलंस?

भाची : सगळं अल्कोहोलमध्ये.

मावशी : मग छेद घेताना ऊती आकसलेली, ठिसूळ मिळणार. पुन्हा जावं लागेल. त्याच कातळावरची दोन समुद्रपुष्पं घे. आधी मॅग्नेशियमच्या मिठानं शिथिल कर, नाहीतर हात लावताच मिटतात. जिवंत असताना रंगासकट फोटो. मग एकाची फक्त टोकाची एक-दोन स्पर्शकं अल्कोहोलमध्ये, तुझ्यासाठी. बाकी सगळं फॉर्मेलिनमध्ये, माझ्यासाठी. दुसरं मी इथं उघडते. आतल्या पडद्यांच्या तळाशी बघायचंय, नर असलाच तर तिथं असेल.

भाची : म्हणजे आता नराची वाट पाहायची?

मावशी :  मी तरी म्हणते की नर मिळेपर्यंत थांबावं.

भाची : आणि मी म्हणते, मिळो न मिळो, पावसाळ्याआधी मसुदा पाठवायचा.

मावशी : पाठव. माझी चित्रं तोवर झालेली असतील, पण एका अटीवर. निदानाचा परिच्छेद सिक्वेन्सवरून लिहायचा नाही. ही जात तिच्या भावंडांहून कशी वेगळी, ते पायांवरून आणि जबड्यावरून लिहायचं. तुझा आकडा त्याच्या खाली.

भाची : खाली नाही. शेजारी.

मावशी : बघू. आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढ. अमावास्येची ओहोटी कितीला आहे?